विल्यम केरी : हुगळीकाठी मराठी छापणारा माणूस

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ख्रिस्ती मिशनऱ्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो येणे साहजिक आहे. आम्ही हा विषय घेतला त्याचे कारण आपल्या सर्वांच्या परिस्थितीत आहे. आपण महाराष्ट्राबाहेर राहून पिढ्यान्‌पिढ्या मराठी सांभाळणारी माणसे. आणि गंमत अशी, की खिळे जुळवून देवनागरीत छापलेली सर्वांत जुनी मराठी पुस्तकेही महाराष्ट्राबाहेरच निघाली. पुण्यात नाही, मुंबईत नाही, तर थेट बंगालात, हुगळीच्या काठी, डेन्मार्कच्या राजाच्या झेंड्याखाली असलेल्या श्रीरामपूर नावाच्या एका लहानशा गावात. साल होते १८०५. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. बंगालात बसून मराठीचे व्याकरण लिहिणारा माणूस इंग्लंडात जोडे शिवत मोठा झालेला होता, आणि पुण्याची वेस त्याने कधी पाहिली नव्हती.

ख्रिस्ती धर्माचा अलीकडचा इतिहास लिहिणारे लोक विल्यम केरी या नावापासून एक नवे प्रकरण सुरू करतात. प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी परमुलखात जाऊन धर्मप्रसार करायचा, त्यासाठी मंडळ्या काढायच्या, वर्गणी जमवायची, तिथल्या लोकांची भाषा शिकायची, ही जी मोठी चळवळ एकोणिसाव्या शतकात जगभर पसरली तिचे जनकत्व केरींना देतात. त्यांच्या आधी कोणी आलेच नव्हते असे मात्र नाही. तरंगंबाडीला जर्मन मिशनरी १७०६ सालीच उतरले होते. आणि गोमंतकातील वाचकांना तर सांगायलाच नको, की फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापून झाले होते, तेही मराठीतच, फक्त रोमन लिपीत. तरीही केरींचे महत्त्व कमी होत नाही.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपुरी या खेड्यातला. बाप एडमंड विणकर. पुढे त्याला गावच्या शाळेत मास्तरकी आणि चर्चमध्ये कारकुनी मिळाली. घरात पैसा नव्हता, पण बापाच्या मास्तरकीमुळे पोराला अक्षरओळख चांगली झाली. पीटर नावाचा एक काका कॅनडात राहून आलेला होता, तो माळीकाम करी. झाडांचे वेड मुलाला त्याच्याकडून लागले आणि ते मरेपर्यंत टिकले. विल्यमने खरे तर शेतात राबायचे, पण त्याच्या कातडीला ऊन सोसेना, फोड येत. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पिडिंग्टनच्या क्लार्क निकोल्स या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले.

या उमेदवारीतली एक गोष्ट केरींनी स्वतःच पुढे सांगून ठेवली आहे. नाताळात गिऱ्हाइकांकडून पोस्त मागायची तिथली रीत, आपल्याकडच्या दिवाळीसारखी. एका लोखंडवाल्याने पोराला थट्टेने खोटा शिलिंग दिला. पोराने काय करावे? मालकाच्या पैशातला खरा शिलिंग स्वतःच्या हिशेबात घेतला आणि खोटा मालकाच्या माथी मारला. चोरी उघडकीस आली. मालकाने हाकलले नाही, पण त्या शरमेने मुलगा कित्येक दिवस लोकांसमोर येईना. शेजारी काम करणारा जॉन वॉर हा उमेदवार सरकारी चर्चबाहेरच्या पंथाचा होता, आणि दोघांचे धर्मावरून रोज वाद चालत. शिलिंगच्या प्रसंगानंतर विल्यम वादात नरमला. पुढे १७८३ साली नेन नदीच्या पाण्यात त्याने बॅप्टिस्ट पंथाची दीक्षा घेतली.

निकोल्सच्या दुकानात बायबलवरचे एक भाष्य पडलेले होते. त्यात मध्येच अनोळखी अक्षरांचे शब्द येत. ती ग्रीक अक्षरे विल्यमने तशीच्या तशी कागदावर उतरवली आणि आपल्या गावच्या एका शिकलेल्या विणकराकडे नेऊन त्यांचा अर्थ लावून घेतला. इथून सुरुवात. मग लॅटिन, हिब्रू, डच, फ्रेंच. शिकवणारे कोणी धड नव्हते. एका हातात जोड्याचा तळवा, समोर उघडे पुस्तक. भिंतीवर कागदाचे तुकडे चिकटवून जगाचा नकाशा केलेला, आणि त्यात प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म, चालीरीती बारीक अक्षरांत टिपलेल्या. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने त्याने वाचली होती. गॉच नावाच्या जोड्यांच्या एका व्यापाऱ्याने ही धडपड पाहून त्याला कातडे बाजूला ठेवायला सांगितले आणि अभ्यासासाठी आठवड्याला दहा शिलिंग द्यायला सुरुवात केली.

एकोणीस वर्षांचा असताना विल्यमने डोरोथी प्लॅकेटशी लग्न केले. ती वयाने मोठी होती आणि निरक्षर होती. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच तापाने विल्यमचे केस गळाले, ते परत आले नाहीत. या डोरोथीबाईंविषयी आम्हाला पुढे लिहायचेच आहे.

मोल्टन आणि मग लेस्टर येथे केरी धर्मोपदेशक झाले, तरी पोटासाठी जोडे शिवणे आणि शाळा घेणे सुटले नाही. १७९२ साली त्यांनी एक छोटे पुस्तक काढले. परधर्मीय लोकांत जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगणे हे आजच्या ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे की नाही, एवढाच त्याचा विषय. आज वाचकांना यात नवे काय असे वाटेल. पण त्या काळच्या बॅप्टिस्टांतले पुष्कळ जण असे मानीत, की देवाच्या मनात असेल तर तो त्या लोकांचा उद्धार करील, माणसाने त्यात लुडबुड करू नये. केरींनी देशोदेशींचे आकडे मांडले, प्रवासाची साधने सांगितली, खर्च कसा भागवावा ते लिहिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवा बाईंच्या घरी मूठभर लोक जमले, आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढ्या वर्गणीच्या आश्वासनावर मंडळी स्थापन झाली. वर्गणीच्या चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या. आपली मंडळेही अशीच कोणाच्या तरी ओसरीवर सुरू झालेली असतात.

जायचे कुठे? जॉन थॉमस नावाचा एक डॉक्टर बंगालातून परतला होता, हळवा, भाविक आणि पैशाच्या बाबतीत पार बेभरवशाचा. त्याच्याबरोबर केरींनी बंगालला जायचे ठरले. डोरोथीबाईंनी नकार दिला. पाचवा महिना, सहावा महिना चाललेला, पदरी तीन मुले, आणि आपला गाव सोडून त्या कधी कुठे गेलेल्या नव्हत्या. केरी आठ वर्षांच्या फेलिक्सला घेऊन निघालेसुद्धा. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरवले. दरम्यान बाई बाळंत झाल्या होत्या. दुसऱ्या खेपेला थॉमसने पुन्हा गळ घातली, तेव्हा बहीण कॅथरिन सोबत येणार असेल तर येते, एवढ्या अटीवर त्या तयार झाल्या. १३ जून १७९३ ला एका डॅनिश जहाजातून सगळे निघाले आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्याला उतरले. केरी इंग्लंडात पुन्हा कधीच गेले नाहीत. डोरोथीबाईही नाहीत.

पहिले वर्ष भयंकर गेले. थॉमसने बरोबरचे पैसे उडवले. एका बंगाली सावकाराने दया येऊन आपल्या बागेतले घर राहायला दिले. मग सुंदरबनाच्या कडेला जंगल तोडून शेती करायचा प्रयत्न झाला. डोरोथीबाई आणि मुले आमांशाने हैराण. शेवटी मालदा भागात मुदनाबाटी येथे जॉर्ज उडनी या गृहस्थांच्या निळीच्या कारखान्यावर केरींना व्यवस्थापकाची नोकरी लागली. पोटापाण्याची सोय झाली. तिथे १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर वारला. परक्या जातीचे प्रेत उचलायला, खड्डा खणायला माणूस मिळेना. केरी स्वतः तापाने निजलेले होते.

त्यानंतर डोरोथीबाईंचे मन जे गेले ते परत आले नाही. नवरा बदफैली आहे असा भ्रम त्यांना झाला. भर रस्त्यात त्या त्याला शिव्या देत, अंगावर धावून जात. अखेर त्यांना खोलीत कोंडून ठेवावे लागले. १८०७ च्या डिसेंबरात मृत्यूने सुटका करीपर्यंत बारा वर्षे हे चालले. शेजारच्या खोलीत पंडितांना घेऊन केरींचे भाषांतर चालू असे. कलकत्त्याच्या काही लोकांनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा सल्ला दिला. तिथली अवस्था ठाऊक असल्याने केरींनी तो मानला नाही. केरींच्या चरित्रकारांनी हा भाग बहुधा चार ओळींत उरकला आहे. आम्हाला तसे करवत नाही. या बाईंना कोणी मनापासून विचारलेच नव्हते, आणि त्यांनी जी किंमत दिली तिची नोंद कोणत्याही अहवालात नाही. केरींच्या सोशिकपणाचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

मुदनाबाटीलाच केरींचे बंगाली पक्के झाले. रामराम बसू हे त्यांचे मुनशी. संस्कृतही तिथेच सुरू झाले. उडनींनी एक लाकडी छापयंत्र विकत घेऊन दिले होते. त्या यंत्राभोवती साहेबाचे इतके लक्ष पाहून गावकऱ्यांनी ती साहेबांची देवमूर्ती आहे असे ठरवून टाकले होते. आम्हाला वाटते, गावकऱ्यांचे फारसे चुकले नव्हते.

१७९९ च्या अखेरीस इंग्लंडहून जोशुआ मार्शमन व त्यांची पत्नी हॅना, आणि विल्यम वॉर्ड हा छापखान्याचा कसबी माणूस, असे साहाय्यक आले. कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत थारा देईना. धर्मप्रसाराने लोक बिथरतील आणि व्यापार बसेल ही त्यांची भीती. कलकत्त्याच्या वर, हुगळीच्या पश्चिम तीरावर श्रीरामपूर हे डॅनिश ठाणे होते. तिथले गव्हर्नर कर्नल बी यांनी आसरा दिला. १० जानेवारी १८०० ला केरी छापयंत्रासह तिथे आले. सर्वांनी एकत्र राहायचे, एका पंगतीला जेवायचे, कमाई एका पेटीत टाकायची, असा नियम केला. पुढे केरींना सरकारी नोकरीत महिना पाचशे आणि नंतर हजार रुपये मिळू लागले. त्यातला अगदी थोडा भाग खर्चाला ठेवून बाकी सगळा याच पेटीत जाई.

सात वर्षांत एकही माणूस ख्रिस्ती झाला नव्हता. पहिला झाला तो कृष्ण पाल हा सुतार. त्याचा हात निखळला होता, तो थॉमसने बसवला, आणि त्या ओळखीतून तो आला. २८ डिसेंबर १८०० ला हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशी थॉमस आनंदातिरेकाने भ्रमिष्ट झालेला, त्याला एका खोलीत ठेवले होते, आणि दुसऱ्या खोलीत डोरोथीबाई आक्रोश करीत होत्या. पुढे कृष्ण पालच्या मुलीचे लग्न ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या एका तरुणाशी लागले. जात मागे टाकण्याच्या बाबतीत केरींनी कधी तडजोड केली नाही. अनेक जुन्या मिशनऱ्यांनी ती केली होती.

आता आपल्या मराठीकडे येऊ. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. विलायतेहून येणाऱ्या पोरसवदा अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी ते होते. बंगाली शिकवायला माणूस हवा म्हणून १८०१ मध्ये केरींना बोलावले. मग संस्कृत आले, आणि १८०४ च्या सुमारास मराठी. त्याचे कारण उघड आहे. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला, १८०३ मध्ये असईची लढाई झाली, नागपूरकर भोसल्यांकडून कटक गेले. मराठी मुलखाशी कंपनीचा संबंध रोजचा होणार होता, आणि तिथे कारभार करायचा तर मराठी, त्यातही मोडी वाचता येणे भाग होते. म्हणजे राज्य घ्यायला निघालेल्यांची सोय म्हणून आपल्या भाषेचे व्याकरण लिहिले गेले. हे कटू आहे, पण तसेच आहे.

केरींना मराठी शिकवले ते नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांनी. कॉलेजात ते मराठीचे मुख्य पंडित होते. घरदार सोडून शेकडो कोस लांब कलकत्त्याला नोकरीसाठी राहिलेला हा मराठी माणूस. आपल्या वाडवडिलांचीच गोष्ट म्हणायची. १८०५ साली मराठी व्याकरण निघाले, ते देवनागरीत. त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीत आहेत. मोडीचे खिळे पाडणे हे काही सोपे काम नव्हे. ज्या लिपीत हात न उचलता लिहायचे, तिची सुटी सुटी अक्षरे करायची! आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत मोडी कागद असतील. ते एकदा उघडून पाहिले म्हणजे या खटाटोपाची कल्पना येईल. श्रीरामपूरच्या छापखान्याचा पाया घालणारे कारागीर पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे बंगाली लोहार. त्यांनी घडवलेल्या ठशांवर पूर्वेकडच्या कितीतरी लिपी छापल्या गेल्या. केरींचे नाव सर्वांना ठाऊक असते, पंचाननचे नसते.

त्यानंतर मराठीत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र, नागपूरकर भोसल्यांची वंशावळ अशी पुस्तके तिथूनच निघाली. त्यांमागे वैजनाथ पंडितांचे हात होते. बायबलचा नवा करार १८११ साली पूर्ण झाला. कोकणीतही नवा करार तिथेच छापला गेला.

या मराठीचा दर्जा कसा होता? खरे सांगायचे तर बेताचा. नागपूरकडचे वळण, त्यावर संस्कृत आणि बंगालीची छाया, आणि एकाच वेळी डझनभर भाषांतरे हाकणारा साहेब. ज्या मुलखात मराठी बोलतात तिथे केरींनी पाऊलही टाकले नव्हते, मग भाषेचा कान कुठून येणार? मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते बायबल लोकांपुढे ठेववेना. त्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ साली आपला नवा करार काढला. केरींचा कोशही १८३१ मध्ये मोल्सवर्थ साहेबांचा कोश येताच मागे पडला, आणि व्याकरणाच्या बाबतीत १८३६ पासून दादोबा पांडुरंगांचा शब्द चालू लागला. म्हणजे केरींची मराठी पुस्तके पंचवीस-तीस वर्षांत जुनी झाली. पण मोल्सवर्थ किंवा दादोबा कामाला बसले तेव्हा मराठी छापता येते, तिचे नियम सांगता येतात, हे सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती.

११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. केरी कलकत्त्यात, वॉर्ड आणि मार्शमन श्रीरामपुरात. छापखान्याच्या लांबलचक इमारतीत धूर दिसला. दारे-खिडक्या बंद करून आग कोंडण्याचा प्रयत्न काही तास टिकला. मग कोणीतरी खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि सगळे पेटले. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. विलायतेहून आलेला कागद, अनेक लिपींचे खिळे, छापायला तयार असलेली भाषांतरे गेली. केरींनी कित्येक वर्षे खपून केलेला, संस्कृतावर आधारलेला अनेक भाषांचा कोश, तेलुगू व्याकरण आणि पंजाबी व्याकरणाचा भाग जळाला. नुकसान सत्तर हजार रुपयांच्या घरात. दुसऱ्या दिवशी मार्शमन कलकत्त्याला जाऊन केरींना भेटले तेव्हा केरींच्या तोंडून काही वेळ शब्द फुटला नाही.

पण छापयंत्रे बाहेर काढता आली होती. आणि वॉर्डला राखेत पोलादी ठसे सापडले. खिळे वितळले तरी ठसे शाबूत होते! वितळलेले शिसे गोळा करून कामगारांनी रात्रंदिवस नवे खिळे ओतायला घेतले. जवळच्या एका वखारीत छपाई सुरू झाली. इंग्लंडात बातमी पोहोचल्यावर सुमारे पन्नास दिवसांत भरपाईएवढी रक्कम जमली. केरींनी जळालेले लेखन पुन्हा हाती घेतले. त्यांचे म्हणणे असे, की दुसऱ्यांदा त्याच रस्त्याने जाताना चाल जलद होते. बहुभाषी कोश मात्र पुन्हा झाला नाही.

सतीच्या चालीविरुद्ध केरींचा लढा तीस वर्षांचा. १७९९ साली एका गावच्या घाटावर त्यांनी सती जाताना पाहिली, लोकांशी भांडले, आणि काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी माणसे पाठवून मोजणी केली. कलकत्त्याभोवती तीस मैलांच्या परिघात एका वर्षात चारशेहून अधिक स्त्रिया जळाल्याचे आढळले. ही यादी सरकारपुढे ठेवली, आणि पंडितांकडून शास्त्रार्थही मागवले. कॉलेजातले मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांनी सहगमन शास्त्राने बंधनकारक नाही असा अभिप्राय दिला. राजा राममोहन राय यांनी तर जन्मच या कामी वेचला. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथले रमाबाईंचे वृंदावन पाहिलेले असते, माधवराव पेशव्यांमागे त्या १७७२ मध्ये सती गेल्या. त्या वृंदावनाला हात जोडताना आपल्या मनात काय काय येते, ते ज्याचे त्याने पाहावे.

४ डिसेंबर १८२९ ला लॉर्ड बेंटिंकने बंदीचा कायदा केला. त्याचे बंगाली भाषांतर करण्यासाठी मसुदा केरींकडे आला तो ६ तारखेला, रविवारी सकाळी. रविवारी उपासना चुकवायची नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्या दिवशी त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपवले, पंडिताला बोलावले, आणि संध्याकाळी काम पुरे करूनच उठले. एका दिवसाच्या उशिराने एखादी बाई जळेल, हा त्यांचा हिशेब. अडुसष्ट वर्षांच्या केरींचा तो रविवार आम्हाला त्यांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मोठा वाटतो.

याचा अर्थ केरी आपल्या धर्माकडे आदराने पाहत होते असे समजू नये. मूर्तिपूजेविषयी त्यांनी आणि त्याहून वॉर्डने जे लिहिले ते आज वाचताना बोचते. १८०७ साली त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या एका फारसी पत्रकात पैगंबरांविषयी असभ्य मजकूर गेला, त्यावरून छापखानाच बंद होण्याची वेळ आली होती. केरींनी रामायणाचे संपादन केले, पण ते श्रद्धेने नव्हे. तरीही शेजारी बसून शिकवणाऱ्या पंडितांशी त्यांचे संबंध जन्मभर टिकले, हेही तितकेच खरे.

त्यांच्या बागेविषयी थोडे. श्रीरामपूरला पाच एकरांची बाग होती आणि माळ्यांशी ते फुलांच्या लॅटिन नावांनी बोलत. इंग्लंडहून बियांच्या पिशव्या येत. एकदा पिशवी झटकून खाली पडलेली माती त्यांनी सावलीत पसरली, तर त्यातून विलायतेतले साधे डेझीचे फूल उगवले. साठीच्या माणसाला झालेला तो आनंद पत्रांतून दिसतो. १८२० साली त्यांनी कृषी आणि बागकामाची संस्था काढली. मित्र रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरचा ग्रंथ त्यांनी छापून काढला. त्याच रॉक्सबर्गनी एका वृक्षकुळाला केरींचे नाव दिले. तो वृक्ष आपल्या अगदी ओळखीचा आहे. सह्याद्रीच्या उतारावर, गोव्यात, बेळगाव-खानापूरच्या रानात आपण ज्याला कुंभा म्हणतो, तो वनस्पतिशास्त्रात केरिया. उन्हाळ्याच्या तोंडी पाने झडून मोठी पांढरट-गुलाबी फुले येतात, ती रात्री उमलतात.

१८१८ साली श्रीरामपूर कॉलेज सुरू झाले, सर्व जातींच्या आणि धर्मांच्या मुलांसाठी. त्याच वर्षी समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्र निघाले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

शेवटची वर्षे मात्र कडू गेली. दुसरी पत्नी शार्लट, पायाने अधू पण विदुषी, १८२१ मध्ये गेली. थोरला फेलिक्स १८२२ मध्ये, वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने. त्याच साली केरी होडीतून उतरताना पडून जायबंदी झाले आणि पुराच्या पाण्याने बाग उद्ध्वस्त केली. केटरिंगच्या त्या ओसरीवर जमलेले जुने सोबती एकेक करून वारले, आणि मंडळीच्या नव्या कारभाऱ्यांना श्रीरामपूरच्या मालमत्तेवर ताबा हवा होता. तिथल्या लोकांनी पैसा साठवला असे आरोपही झाले. ज्यांनी लाखाच्या घरातली कमाई पेटीत टाकली, त्यांच्यावर! १८२७ मध्ये श्रीरामपूरकर आणि मूळ मंडळी वेगळ्या झाल्या. आपल्या संस्थांमध्ये असे प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत शाळांच्या ठेवी गेल्या.

९ जून १८३४ ला सकाळी केरी वारले. त्र्याहत्तरावे वर्ष चालू होते, आणि हिंदुस्थानात येऊन चाळीस वर्षे उलटली होती. मृत्युपत्रात वाटायला फारसे नव्हते. शिंपले, खडे, वनस्पतींचे नमुने कॉलेजला दिले. पुस्तके विकून येणाऱ्या रकमेतून पंधराशे रुपये जाबेझ या मुलाला द्यावेत असे लिहिले, कारण इतर मुलांइतके त्याला काही देता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे, शार्लटच्या शेजारी, भर पावसात त्यांना पुरले. डॅनिश गव्हर्नराच्या घरावरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, आणि रस्त्याच्या दुतर्फा गावातले हिंदू-मुसलमान लोक उभे होते.